ट्रॅक्टर धुवा, पण दिवे विझवू नका
(शेतकी खात्याकडून)

सभासद बंधू-भगिनींनो,

दसरा तोंडावर आला आहे. कारखान्यात ओव्हरहॉलिंगची कामे संपत आली असून बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची तयारी चालू आहे. इकडे आपल्या दारात खंडेनवमीची गडबड सुरू होईल. कोयते, खुरपी, नांगर, मोटारपंप आणि या सगळ्यांत मानाचा ट्रॅक्टर. पहाटे उठून घरातली पोरे ट्रॅक्टर ओढ्यावर नेतील, नाहीतर फाट्यावरच्या वॉशिंग सेंटरवर रांग लावतील. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू आणि नारळ. ही आपली चालत आलेली रीत आहे आणि चांगली रीत आहे. ज्या अवजारावर घर चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, यात वावगे काही नाही.

पण आम्ही दरवर्षी एक गोष्ट पाहत आलो आहोत. दसरा झाला की दोन-चार दिवसांत गट ऑफिसला निरोप यायला लागतात. "सायेब, परवा धुतलाय की झकास, आन् आज बटण मारलं तर मेला हूं का चूं करंना." कोणाचा सेल्फ अडकलेला असतो, कोणाची बॅटरी चार्ज होत नसते, तर कोणाचा एकच दिवा लागत असतो. मेस्त्री येतो, उघडतो आणि म्हणतो, "पाणी गेलंय." पाच-दहा रुपयांच्या साबणाने सुरू झालेले काम काही हजारांवर जाते.

हे नुसते पैशाचे असते तर आम्ही या अंकातली पाने अडवली नसती. ऊस लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा यांवर लिहिणे हे आमचे काम. ट्रॅक्टरच्या धुण्यावर लिहायला लावणारी गोष्ट दोन हंगामांपूर्वी घडली. ती आधी सांगतो.

एका रात्रीची गोष्ट

आपल्याच एका सभासदाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर, ऊस भरून कारखान्याकडे निघाला होता. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. वाटेत मागच्या ट्रेलरचे चाक पंक्चर झाले. ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तो जॅक काढायला पुढे गेला. मागून त्यांच्याच शेजारच्या गावचा एक पोरगा मोटारसायकलवर आला. मागच्या ट्रेलरचा लाल दिवा बंद होता. ऊस बाहेर आलेला, त्यामागे अंधार. पोरगा जीवानिशी वाचला, पण मांडीचे हाड मोडले. तो आजही लंगडत चालतो. त्याचे वडीलही आपलेच सभासद आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो ट्रेलर पाहिला. बल्ब चांगला होता. दोष निघाला ट्रॅक्टरच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटात, जिथून ट्रेलरला वीज जाते. आत हिरवट पांढरा थर साचलेला, आणि एक तार पार कुजून तुटलेली. ड्रायव्हरला विचारले तेव्हा तो म्हणाला, "खंडेनवमीला प्रेशरनं धुतला हुता. तवापासनं दिवा कवा लागायचा, कवा न्हाय. हलवला की लागायचा."

खंडेनवमी ते ती रात्र यात दोन महिने गेले होते. पाणी त्याच दिवशी खोडी करते असे नाही. ते आत बसते, वाट पाहते आणि आपल्याला गरज असते त्या वेळी दगा देते. आणि आमचेही चुकले. आम्ही तोडीची स्लिप दिली, गाडी भरली की नाही ते विचारले, पण मागचा दिवा लागतो का, हे विचारले नाही. ते विचारायला हवे होते, म्हणून हा लेख.

पाणी नेमके काय करते?

"पाऊस पडतो तेव्हा ट्रॅक्टर भिजतोच की, मग धुतल्यावरच का बिघडतो?" असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पाऊस वरून पडतो आणि ओघळून जातो. प्रेशरचे पाणी आडवे, खालून, जोराने येते आणि पावसाला ठाऊक नसलेल्या फटींत शिरते.

दुसरे असे की आपल्या बोअरचे आणि कालव्याचे पाणी शुद्ध नसते, त्यात क्षार असतात. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते. दोन पिनांमध्ये असे पाणी साचले आणि बॅटरी जोडलेली असली, तर त्यातून बारीक प्रवाह चालू राहतो आणि तांबे-पितळ खाल्ले जाते. तोच तो हिरवट थर. पाणी वाळले तरी क्षार मागे राहतात आणि हवेतली ओल पुन्हा ओढून घेतात.

ट्रॅक्टरवर पाण्याला भिणाऱ्या जागा मोजक्या आहेत. त्या घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवाव्यात.

अल्टरनेटर. याला थंड ठेवण्यासाठी अंगावर फटी असतात. आत कार्बन ब्रश, डायोड आणि बेअरिंग असते. फटीत प्रेशरचे पाणी मारले की ते थेट आत जाते.

सेल्फ स्टार्टर आणि त्यावरचा सोलेनॉइड. इंजिनाच्या बगलेत खाली बसतो, म्हणून चिखलही इथेच आणि पाण्याचा मारही इथेच.

बॅटरीची टोके, फ्यूज बॉक्स, चावीचा स्विच आणि मीटरचे पॅनेल. मीटरच्या काचेत वाफ धरलेली दिसली तर समजावे की पाणी आत गेले आहे.

वायरिंगचे जोड, दिव्यांचे होल्डर आणि मागचे ट्रेलरचे सॉकेट. सगळ्यांत दुर्लक्षित जागा हीच.

नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत आणखी एक भर पडली आहे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासून अशा ट्रॅक्टरांत इंजिनावर नजर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आणि सेन्सर आले आहेत. त्याच्या जोडांत पाणी गेले तर आपला गावचा मेस्त्री हात लावू शकत नाही. कंपनीचा माणूस कॉम्प्युटर घेऊन येईपर्यंत ट्रॅक्टर जागेवर. तोवर फडात तोडलेला ऊस वाळतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असे आम्ही सांगत आलो आहोत. उशीर होईल तसे वजनही घटते आणि साखरही.

मग धुवायचाच नाही का?

असा अर्थ कोणी काढू नये. स्वच्छता हवीच. रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकले की इंजिन तापते. इंजिनाच्या कडेला तेल गळून त्यावर धूळ आणि पाचटाचा भुगा बसला, की सायलेन्सरच्या उष्णतेने किंवा एखाद्या ठिणगीने पेट घ्यायला वेळ लागत नाही. उसाचा रस वायरिंगवर उडाला की चिकटा धरतो, त्यावर माती बसते. खत टाकून आलेल्या ट्रॅक्टरवरची खताची पूड तर लोखंड आणि तांबे दोन्ही खाते. म्हणून प्रश्न धुवायचे की नाही हा नसून, कोणत्या क्रमाने धुवायचे हा आहे.

हा क्रम आम्ही एका वेगळ्याच ठिकाणी शिकलो. आपल्या एका सभासदाचा मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात फोर्कलिफ्टवर आहे. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दात्यांवर माल उचलून थप्पी लावणारी गाडी. तिथली गाडी बॅटरीवर चालणारी, म्हणजे तिचे सगळे चलनवलन विजेचे. गेल्या वर्षी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो गाडीच साफ करत होता. आम्हाला वाटले, आता पाइप लावील. पण त्याने आधी बॅटरीचा मोठा प्लग काढला. मग ब्रशने धूळ झाडली, हवेने फटी फुंकल्या, ग्रीसचा चिकटा पत्र्याने खरवडला आणि मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसले. पाइप शेवटी आला, तोही फक्त चाकांपुरता.

आम्ही म्हटले, "अरे, एवढा उपद्व्याप कशाला?" तो हसून म्हणाला, "सायेब, हितं नियमच हाय. कोरडं आधी, पाणी शेवटी. पाण्यानं घाण जात न्हाय, नुसती आत सरकती."

बॅटरीच्या फोर्कलिफ्टइतका ट्रॅक्टर नाजूक नाही. पण नियम तोच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

आमची पहिली विनंती ही, की धुण्याचे काम खंडेनवमीच्या सकाळी न करता आदल्या दिवशी सकाळी करावे. पूजेच्या सकाळी घाई असते. ट्रॅक्टर ओला असतानाच माळ घातली जाते आणि वाळवायचे राहून जाते. आता क्रमाने सांगतो.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. शेतावरून आल्या आल्या पाणी मारू नका. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर त्याला तडा जाऊ शकतो. शिवाय तापलेले बेअरिंग एकदम थंड झाले की सीलमधून पाणी आत ओढून घेते.

२. बॅटरी सोडवा. चावी काढून घ्या. बॅटरीचे उणे टोक, म्हणजे बॉडीला जोडलेली अर्थची वायर, आधी काढा आणि मग अधिक. अधिक आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीपाशी हायड्रोजन वायू असतो, त्यामुळे ती ठिणगी अंगाशी येते. शक्य असेल तर बॅटरी उतरवूनच ठेवा.

३. आधी झाडा. पाचट हाताने आणि काठीने काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा. हवा असेल तर रेडिएटर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला फुंका, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाईल. हवेचा जोर बेताचा ठेवा, नाहीतर जाळीच्या पात्या वाकतात. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी आधी सोडून द्या, नाहीतर हवेबरोबर तेच पाणी बसते. डोळ्यांना चष्मा लावा.

४. झाका. अल्टरनेटर, स्टार्टर, फ्यूज बॉक्स आणि मीटरचे पॅनेल स्वच्छ प्लास्टिकने झाकून सुतळीने बांधा. सायलेन्सरचे तोंड आणि एअर क्लीनरचे तोंड आठवणीने बंद करा, कारण तिथून गेलेले पाणी थेट इंजिनात उतरते. डिझेल टाकीचे झाकण घट्ट आहे का पाहा. ट्रेलरच्या सॉकेटाचे झाकण तुटले असेल तर त्यालाही पिशवी बांधा. इथे एक शेतकी खात्याची सूचना: युरियाची रिकामी पिशवी न धुता वापरू नका. युरिया ओल धरतो आणि तांब्याला मानवत नाही. पाण्यापासून वाचवायला जाल आणि खत चोळून याल.

५. आता पाणी. चाके, मडगार्ड, पुढचा ॲक्सल, ट्रेलरचा साटा, इथे खुशाल पाणी मारा. पण टायरच्या बाजूवर नोझल जवळ धरू नका, आणि बेअरिंगच्या सीलवर, ग्रीस निपलवर धार रोखू नका. प्रेशरचा पाइप अंगापासून निदान दोन-तीन फूट लांब धरा. इंजिनाच्या विजेच्या बाजूला पाइप नकोच. तिथे साबणाच्या पाण्यातले पिळलेले फडके आणि जुना दात घासायचा ब्रश, एवढे पुरे.

६. वाळवा. हे काम अर्धवट सोडू नका. प्लास्टिक लगेच काढा, ते तसेच ठेवले तर आत घाम धरतो. वायरिंगचे जोड एकेक उघडून फुंका, पुसा. सीटखाली, बॅटरीच्या पेटीत पाणी साचले आहे का पाहा. मग ट्रॅक्टर निदान तीन-चार तास उन्हात उभा करा.

७. टोके बांधा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून पुसा. बॅटरीची बुचे घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. कोरडे झाल्यावर आधी अधिक, मग उणे जोडा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. ट्रेलरच्या सॉकेटाच्या पिना कोरड्या करून त्यांनाही तसाच पातळ हात द्या.

८. मग चालू करा. चार्जिंगचा दिवा इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मेस्त्रीकडे व्होल्टमीटर असेल तर चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. चार पावले चालवून ब्रेक दाबून पाहा आणि पुढचे, मागचे, बाजूचे सगळे दिवे पाहा.

एवढे झाले की मग माळ घाला. फक्त माळेचा दोरा पंख्याकडे लोंबू देऊ नका.

हे टाळा

कारखान्यात बॉयलिंग हाऊसच्या नळ्या साफ करायला कॉस्टिक सोडा वापरतात. "थोडा द्या की, ट्रॅक्टरची मळी निघंल," अशी मागणी काही जण कामगारांकडे करतात. कृपा करून करू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, आणि अल्टरनेटरची बॉडी ॲल्युमिनियमचीच असते. हातापायाची आणि डोळ्यांची जी गत होईल ती वेगळी.

डिझेल किंवा रॉकेल फवारून इंजिन धुण्याची सवयही मोडावी. त्याने रबर आणि वायरचे आवरण फुगते, मऊ पडते आणि आगीला आवतण मिळते.

धुतल्यावर फ्यूज उडाला, तर जागी तांब्याची जाड तार गुंडाळू नका. फ्यूज उडाला याचा अर्थ कुठेतरी पाणी आहे किंवा वायर उघडी आहे. तार घातली की तो दोष बरा होत नाही, फक्त वायरिंग जळेपर्यंत दिसेनासा होतो.

ट्रॅक्टर ओढ्यात, नदीत उभा करून धुऊ नका. चाकाच्या हबात आणि ब्रेकमध्ये पाणी जाते. शिवाय ते तेलकट पाणी पुढे कोणाची तरी म्हैस पिते, कोणाच्या तरी बायाबापड्या कळशी भरतात.

पाणी गेलेच तर

सेल्फ मारत बसू नका. पहिली गोष्ट बॅटरीचे उणे टोक काढणे. मग हवा, कोरडे फडके आणि ऊन. अल्टरनेटर किंवा स्टार्टर भिजला असेल तर मेस्त्रीकडून उघडून वाळवून घ्या. शेगडी किंवा गॅसची ज्योत दाखवून वाळवू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेकाठची किती वाहने बुडाली, हे आपण पाहिलेच आहे. बुडालेला ट्रॅक्टर पाणी ओसरताच चालू करून बघायचा मोह आवरा. इंजिनात, गिअर बॉक्समध्ये आणि डिझेलमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर दुरुस्तीचे काम दुप्पट होते.

आणि एक जिवाची गोष्ट. ट्रॅक्टरच्या बॅटरीचे १२ व्होल्ट अंगाला झटका देत नाहीत, म्हणून आपण बेफिकीर असतो. पण धुण्याचे प्रेशर मशीन २३० व्होल्टांवर चालते आणि बोअरचा थ्री फेज पंप ४१५ व्होल्टांवर. ओल्या अंगणात, अनवाणी, वायरचे जोड जमिनीवर लोळत असताना हे काम करू नका. मशीनला अर्थिंग हवे, गळती होताच वीज तोडणारे उपकरण बोर्डावर हवे, पायात रबरी चप्पल किंवा बूट हवेत, आणि लहान पोरांना त्या वेळी लांब ठेवावे. पंपाच्या स्टार्टरची पेटी तर कधीही पाण्याने धुवायची नाही. मेन स्विच पाडून, कोरड्या फडक्याने पुसायची.

एक विनंती, आणि आमचा शब्द

या हंगामात वाहतुकीच्या ट्रॅक्टरची नोंद करताना आमचे गट कर्मचारी मागचा दिवा लावून दाखवायला सांगतील. यात कोणाला अडवण्याचा हेतू नाही. दिवा लागला नाही तर तिथेच सॉकेट उघडून पाहू, पिना घासू, जमेल ते करू. ट्रेलरच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावलेत का, त्यावरचा चिखल पुसला आहे का, हेही पाहू. दिवा कधीतरी दगा देईल, पण पुसलेला रिफ्लेक्टर मागच्या गाडीच्या उजेडातच चमकतो, त्याला वायर लागत नाही. आणि ड्रायव्हरबंधूंनी एक सवय लावून घ्यावी. फडातून गाडी बाहेर काढताना एकदा खाली उतरून मागे जावे आणि आपल्या डोळ्यांनी लाल दिवा पाहावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

तो लंगडणारा पोरगा परवा गट ऑफिसला आला होता, वडिलांची लागणीची नोंद करायला. आम्ही त्याला या लेखाचे सांगितले. तो म्हणाला, "लिवा सायेब. पन नुसतं लिवून ऱ्हाऊ नका, बघा बी." त्याचे बरोबर आहे. आम्ही बघू. आपणही बघावे.

आपणा सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा. सोने लुटा, ट्रॅक्टरला माळ घाला, आणि सीमोल्लंघनाला निघण्यापूर्वी मागचा दिवा एकदा लावून पाहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी